पीडीएफ कुठून आणली, हे तळटीपेत लिहायचं का?

प्रबंधाची संदर्भसूची वाचताना एखादी नोंद अशी सापडते: लेखकाचं नाव, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, साल, आणि पुढे निळ्या अक्षरांत लिबजेनचा, म्हणजे पुस्तकांच्या चोरट्या प्रती देणाऱ्या संकेतस्थळाचा, दीड ओळीचा पत्ता. हा पत्ता तिथे दोन वाटांनी येतो. विद्यार्थ्याने संदर्भ साठवणाऱ्या झोटेरो प्रणालीचं बटण दाबलेलं असतं, पत्ता आपसूक चिकटतो आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो. नाहीतर त्याने तो ठरवून लिहिलेला असतो. जिथून घेतलं तिथलं नाव सांगितलं, लपवाछपवी कशाला, असा त्याचा बाणा असतो. पहिला प्रकार गबाळेपणाचा आहे, तो दुरुस्त करता येतो. दुसऱ्याचा मात्र नीट विचार करायला हवा, कारण त्यातला हेतू चांगला आहे आणि जागा चुकलेली आहे.

घोटाळा होतो तो तीन वेगळी कामं एकाच ओळीवर लादल्यामुळे. पहिलं काम संदर्भाचं: हा विचार कोणाचा, तो कुठे प्रसिद्ध झाला, वाचकाने तो कुठे शोधायचा. दुसरं प्रतीचं: मी नेमकी कुठली आवृत्ती, कुठली फाइल डोळ्यांखालून घातली. तिसरं आभाराचं: ती माझ्यापर्यंत कोणी पोचवली. पहिलं काम सक्तीचं आहे. दुसरं, प्रतीमुळे मजकुरात फरक पडत असेल तेव्हा सक्तीचं. तिसरं पूर्ण ऐच्छिक आहे, आणि चोरवाटेच्या बाबतीत तर ती जाहीर भूमिका ठरते. ती घ्यायची तर तिची किंमत कोण मोजणार, हे आधी बघून घ्यावं.

आधी एक गाठ सोडवून टाकू. वाङ्मयचौर्य आणि पायरसी हे दोन वेगळे गुन्हे आहेत. वाङ्मयचौर्यात श्रेय चोरलं जातं, पायरसीत प्रत. यूजीसीचे २०१८चे नियम फक्त पहिल्याबद्दल बोलतात. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येणार नाही, त्यावर गेलं तर नोंदणी रद्द. पीडीएफ सायहब या, वर्गणीमागचे लेख फुकट देणाऱ्या संकेतस्थळावरून उतरवली की ग्रंथालयातून घेतली, हे तिथे कोणी विचारत नाही. उलट बाजूही तितकीच खरी. चोरवाटेच्या प्रतीचं नाव उजळ माथ्याने छापलं म्हणून ती प्रत वैध होत नाही. ‘मी तर सांगितलं’ हा बचाव वाङ्मयचौर्याच्या आरोपाला लागू पडतो, कॉपीराइटच्या नाही.

प्रत सांगण्याची शिस्त आपल्याकडे नवी नाही. पोथ्यांच्या शेवटी नकलकार लिहून ठेवत: यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया, यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते. जसं पाहिलं तसं उतरवलं, चूक असेल तर माझ्या माथी मारू नका. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली, निवडलेल्या प्रत्येक पोथीला संज्ञा दिली आणि पाठभेदाखाली ती संज्ञा छापली. कुठल्या पोथीत काय आहे, हे वाचकाला तपासता यावं एवढ्यासाठी हा खटाटोप. प्रत जाहीर करण्याचं कारण तेच आहे, पडताळणी. कबुलीजबाबाशी त्याचा संबंध नाही.

आता नियतकालिकांतल्या लेखांचं बघू, कारण इथे उत्तर सोपं आहे. सायहबवर मिळणारी पीडीएफ बहुतेक वेळा प्रकाशकाचीच अंतिम आवृत्ती असते. तीच पानं, तेच पृष्ठांक, तोच डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक). अशा वेळी नोंदीत लेखक, साल, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठं आणि डीओआय एवढं पुरतं. डीओआय वाचकाला मूळ ठिकाणी नेतो, आणि तुम्ही वाचलेला मजकूर अक्षरशः तोच आहे. एपीए या संदर्भलेखनाच्या शैलीत तर लेख ज्या डेटाबेसमधून घेतला त्याचंही नाव लिहीत नाहीत, कारण तोच लेख दहा ठिकाणी मिळतो. एमएलए शैलीचा मात्र इथे पेच आहे. ती ‘कंटेनर’ मागते, म्हणजे लेख नियतकालिकात आणि नियतकालिक जेस्टोर या डेटाबेसमध्ये, असं एकात एक. तिची अक्षरं पाळली तर दुसरा कंटेनर म्हणून सायहब लिहावं लागेल. पण कंटेनर लिहिण्यामागचा हेतू वाचकाला वाट दाखवण्याचा. सायहबचे पत्ते तर सतत बदलतात, काही कोर्टाच्या आदेशांनी बंद झाले. सोडून दिलेला पत्ता उद्या कोणी जाहिरातबाज किंवा व्हायरसवाला विकत घेऊ शकतो. पाच वर्षांनी तुमच्या प्रबंधातल्या दुव्यावर टिचकी मारणाऱ्याला काय दिसेल, याचा भरवसा नाही. नैतिकता क्षणभर बाजूला ठेवली तरी संदर्भ म्हणून तो पत्ता कुचकामी आहे.

खरी फसगत वेगळीच आहे, आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. चोरवाटेची पीडीएफ गोठलेली असते. प्रकाशकाच्या पानावर लेख मागे घेतला गेला की तिथल्या प्रतीवर तसा ठळक शिक्का बसतो, दुरुस्तीपत्र जोडलं जातं. आधीच उतरवून साठवलेल्या प्रतीपर्यंत यातलं काही पोचत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा सर्जिस्फिअर या कंपनीच्या विदेवर (डेटावर) आधारलेला लेख ‘लॅन्सेट’मध्ये २२ मे २०२० रोजी आला आणि दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला. त्या मधल्या दिवसांत उतरवलेली फाइल आजही निष्कलंक दिसते. म्हणून लेख कुठूनही मिळवा, उद्धृत करण्याआधी डीओआय उघडून मूळ पान बघाच. सारांश फुकट दिसतो, शिक्काही फुकट दिसतो. त्या पानावर क्रॉसमार्कचं, म्हणजे लेखात नंतर झालेले बदल दाखवणारं, बटण असेल तर ते दाबा. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३मध्ये क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेने घेतला आणि सगळ्यांना खुला केला. झोटेरो त्याच्याशी ताडून मागे घेतलेल्या नोंदीवर लाल पट्टी दाखवतं, पण नोंदीत डीओआय किंवा पबमेड क्रमांक भरलेला असेल तरच. फाइल नुसती ओढून टाकली आणि शीर्षक हाताने टाइप केलं, तर लाल पट्टीची खात्री धरू नका.

त्याच पानावर आणखी चार गोष्टी जुळवून घ्याव्यात: शीर्षक, खंड-अंक, पहिलं आणि शेवटचं पृष्ठ, आणि स्वीकृतीची तारीख. फाइलच्या वरच्या कोपऱ्यात ‘छपाईच्या वाटेवर’ किंवा ‘न तपासलेलं प्रूफ’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असेल, किंवा पृष्ठांक १पासून सुरू होत असतील, तर ती बहुधा अंतिम आवृत्ती नाही. तिच्यातलं वाक्य उचलून अंतिम आवृत्तीचा पृष्ठांक देणं म्हणजे न पाहिलेलं पाहिलं असं सांगणं. माझ्या लेखी अप्रामाणिकपणा सुरू होतो तो इथे. फाइल सायहबची होती हे न सांगण्यात तो नाही.

ग्रंथांच्या बाबतीत प्रकरण फार गुंतागुंतीचं होतं.

सर्वांत जास्त फसवते ती ईपबवरून, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलवरून, बनवलेली पीडीएफ. कोणीतरी कॅलिबर या प्रणालीत ईपब टाकतो, पीडीएफ काढतो, आणि तिला स्वतःचे ताजे पृष्ठांक मिळतात. दिसायला सगळं ठीकठाक, पण छापील पुस्तकाशी त्या अंकांचा काडीचा संबंध नाही. ओळखायच्या खुणा आहेत. पानाच्या माथ्यावर ग्रंथाचं किंवा प्रकरणाचं नाव नसतं. तळटीपा गोळा होऊन शेवटी गेलेल्या असतात आणि त्यांचे आकडे निळे असतात. छापील ग्रंथात प्रकरण बहुधा उजव्या, म्हणजे विषम पानावर सुरू होतं. इथे कुठेही होतं. एकूण पानं वर्ल्डकॅट या ग्रंथसूचीवरच्या नोंदीपेक्षा पन्नास-शंभराने वेगळी भरतात. अशी प्रत हाती असेल तर पृष्ठांक देऊच नका. प्रकरण, उपशीर्षक आणि त्याखालचा कितवा परिच्छेद, असं लिहा. एपीएसारख्या शैलींना ते मान्य आहे. किंडलचे लोकेशन क्रमांकही टाळा. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, बघून घ्या. पुठ्ठाबांधणी, कागदी बांधणी आणि ईपब यांचे आयएसबीएन वेगवेगळे असतात. ईपब वाचून पुठ्ठाबांधणीचा आयएसबीएन सूचीत देणारे कमी नाहीत.

अस्सल स्कॅन असेल तर धोके निराळे. सुरुवातीची रोमन आकड्यांची पानं मोजली की पीडीएफचा आणि ग्रंथाचा अंक हुकतो. प्रस्तावनेची २४ पानं असतील तर स्क्रीनवरचं १४०वं पान म्हणजे ग्रंथातलं ११६वं. एका चित्रात दोन पानं असतील तर हिशेब आणखी बिघडतो. घडीचे नकाशे स्कॅनरवर मावत नाहीत म्हणून वगळलेले असतात. मधली चार पानं चिकटून राहिलेली असतात. त्यामुळे ग्रंथ वापरायला घेण्याआधी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी स्क्रीनवरचा अंक छापील अंकाशी जुळवा. दोघांतला फरक तिन्हीकडे सारखा आला नाही, तर बहुधा मधे पानं गळालेली आहेत.

लिबजेनवरची माहिती कोणीतरी घाईत भरलेली असते, तिच्यावर विसंबून आवृत्ती ठरवू नये. आवृत्ती ठरते शीर्षकपानामागच्या पानावरून. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचंच घ्या. पाच खंड, १९३० ते १९६२. दुसरा आणि पाचवा खंड प्रत्येकी दोन भागांत. पहिल्या खंडाची सुधारित दुसरी आवृत्ती पुढे पुन्हा दोन भागांत निघाली. आंतरजालावर ‘खंड १’ एवढ्याच नावाने फिरणारी फाइल १९३०ची की सुधारित, हे पान उलटून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दोन्हींचे पृष्ठांक जुळत नाहीत. फाइलच्या नावावरून १९३० लिहिलं आणि पृष्ठांक दुसऱ्या आवृत्तीचा दिला, तर त्या पानावर परीक्षकाला भलताच मजकूर दिसेल.

मराठी ग्रंथांत तर अवतरणाचं शुद्धलेखनच चुगली करतं. १९६२च्या नियमांनंतर ‘नाहीं’, ‘कां’, ‘आणि त्यांत’ यांवरचे पुष्कळ अनुस्वार गेले. तळटीपेत १९४०ची पहिली आवृत्ती आणि अवतरणात मात्र ‘नाही’, ‘का’, म्हणजे वाचलं ते नंतरचं पुनर्मुद्रण. जुनी मराठी पुस्तकं हाताळलेल्या परीक्षकाला हे दोन ओळींत कळतं. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीने, आणखी भर पडते. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांची अदलाबदल, रफार गायब. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमधून उतारा कॉपी केला तर रोमन अक्षरांची खिचडी उतरते. उतारा चित्राकडे बघून हाताने टाइप करा आणि दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. याला दुसरा उपाय नाही.

बरं, ज्याला आपण चोरवाट म्हणतो ती प्रत्येक वेळी चोरवाट असते का? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. (आधी ५० होती. रवींद्रनाथांची मुदत संपत आली तेव्हा १९९२मध्ये ती वाढवली.) साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११पासून मुक्त आहे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्या-मुंबईत काम केलेले दा. ध. कोसंबी २९ जून १९६६ रोजी गेले. त्यांच्या ग्रंथांची मुदत २०२६अखेर संपते. काण्यांची २०३२अखेर, इरावती कर्व्यांची २०३०अखेर. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाच्या आयुष्याशी बांधलेला असतो, आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. तो न करता लोक मुक्त ग्रंथांबद्दल उगीच ओशाळतात आणि हक्क शाबूत असलेले ग्रंथ बिनधास्त परिशिष्टाला जोडतात.

इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली लाखो पुस्तकं आहेत. त्यांचा ओळखक्रमांक ‘इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय डॉट २०१५’ असा सुरू होतो आणि पुढे आकडे येतात. मुक्त ग्रंथ इथून घेतला असेल तर तो क्रमांक तळटीपेत जरूर द्या. तो नेमक्या त्या स्कॅनकडे नेतो, आणि गळालेली पानं असतील तर वाचकाला तीच दिसतात. पोथीच्या संज्ञेचं काम तो करतो. आर्काइव्हच्या त्या पानावर दिलेलं साल आणि शीर्षकाचं रोमन रूप मात्र पुष्कळदा चुकलेलं असतं; ते उचलू नका.

आता तिसरं काम, आभाराचं. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी सायहब २०११मध्ये सुरू केलं. न्यूयॉर्कच्या कोर्टाने २०१७मध्ये एल्सेविअर या प्रकाशकाला दीड कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. डिसेंबर २०२०मध्ये एल्सेविअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यात काही भारतीय शास्त्रज्ञांनी आणि दिल्ली सायन्स फोरमसारख्या संस्थांनी सायहबच्या बाजूने हस्तक्षेप अर्ज केले. ऑगस्ट २०२५मध्ये कोर्टाने भारतात ते बंद करण्याचा आदेश दिला. इतक्या सगळ्यात जगभरच्या काही संशोधकांनी आपल्या लेखांच्या ऋणनिर्देशात सायहबचे उघड आभार मानले आहेत. एका आभाराचं तर हसं झालं. २०१७मध्ये कीटकशास्त्रज्ञांनी मेक्सिकोतल्या एका परोपजीवी गांधीलमाशीच्या नव्या जातीला एल्बाक्यान यांचं नाव दिलं. परोपजीवी कीटकाला आपलं नाव दिलं हा त्यांना अपमान वाटला आणि त्यांनी रशियातल्या वाचकांसाठी सायहब काही दिवस बंदच करून टाकलं.

आभार मानू नयेत असं मी म्हणणार नाही. पण ते मानणाऱ्यांत कायम नोकरीतला, मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक वेगळा आणि विनाअनुदानित महाविद्यालयातला, मौखिक परीक्षेची वाट बघणारा विद्यार्थी वेगळा. पहिल्याच्या आभाराला धाडस म्हणतात. दुसऱ्याचं तेच वाक्य मार्गदर्शकाच्या, विभागाच्या आणि विद्यापीठाच्या गळ्यात पडतं, कारण प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या खुल्या भांडारावर, चढला की तो कायमचा सगळ्यांपुढे उघडा असतो. ज्याला त्या वाटेची खरी गरज, त्यालाच उघड बोलणं सर्वांत महाग. सहलेखक असतील तर त्यांना न विचारता असं वाक्य घालणं हा सरळसरळ आगाऊपणा.

जिवंत दुवा देणं तर आणखी एक पायरी पुढचं. २०१९मध्ये संदर्भसूची बनवून देणाऱ्या एका संकेतस्थळाने आपल्या ब्लॉगवर सायहबचा दुवा दिला, तर त्यांना एल्सेविअरच्या वकिलांचं पत्र आलं. नाव घेणं ही माहिती झाली, दुवा देणं म्हणजे बोट धरून नेणं. न्यायालयांनाही हा फरक कळतो.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(क)मध्ये संशोधनासह खासगी वापरासाठी ‘रास्त वापर’ मान्य आहे. मूळ प्रत वैध असावी अशी अट तिथे संगणक प्रणालींच्या संदर्भात शब्दांत लिहिली आहे, पुस्तक-लेखांच्या संदर्भात तशी लिहिलेली नाही. वकिलांचा वाद तिथूनच सुरू होतो. जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी मात्र या भरवशावर राहू नये. तिथल्या खासगी नकलेच्या सवलतीत उघडउघड बेकायदा स्रोत बसत नाही, आणि युरोपीय न्यायालयानेही २०१४मध्ये अशा स्रोतांना सवलतीबाहेर ठेवलं. दिल्लीच्या रामेश्वरी फोटोकॉपी खटल्याचा २०१६चा निकाल हवाल्याला देताना लक्षात ठेवा की तो वर्गात शिकवण्यासाठी काढलेल्या नकलांबद्दल आहे. आकृती किंवा छायाचित्र स्वतःच्या प्रकाशित लेखात वापरायचं असेल, तर फाइल कुठूनही आलेली असो, बहुतेक नियतकालिकं लेखी परवानगी मागतात. लेखाच्या पानावर ‘राइट्सलिंक’चं बटण असतं, तिथून ती काढता येते.

माझा खरा आक्षेप कायद्याचा नाहीच. जी गोष्ट आपल्या ग्रंथालयाने पैसे मोजून घेतलेली आहे तीही लोक सवयीने चोरवाटेने आणतात, हा आहे. ग्रंथपाल वर्गणी चालू ठेवायची की नाही हे काउंटर नावाच्या वापर-अहवालावरून ठरवतो. डाउनलोड कमी दिसले की प्रतिवापर खर्च वाढतो, आणि पुढच्या वर्षी ते नियतकालिक यादीतून उडतं. म्हणजे चोरवाट वापरून तुम्ही पुढच्या तुकडीची सरळ वाट बंद करता. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर आहेत, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांतल्या विद्यार्थ्याने आधी तिथे बघायला हवं. घरून प्रवेशासाठी इन्फेडचं खातं ग्रंथपालाकडून मिळतं. खासगी महाविद्यालयं पहिल्या टप्प्यात बाहेर आहेत, आणि योजनेत नियतकालिकं आहेत, ग्रंथ नाहीत. त्यामुळे मानव्यविद्यावाल्यांची अडचण बरीचशी तशीच राहते.

तिथे नसेल तर ब्राउझरला अनपेवॉल जोडा. लेखाची मुक्त प्रत कुठे असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दिसतं. नसेल तर लेखकाला चार ओळींचं पत्र: लेखाचं नाव, डीओआय, तुम्ही कोण आणि कशावर काम करता, आणि ‘स्वीकृत हस्तलिखित असेल तरी चालेल’ हे वाक्य. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण प्रकाशकाशी असलेल्या बहुतेक करारांत लेखकाला ती प्रत एखाद्या संशोधकाला पाठवायची मुभा असते. त्यानंतर डेलनेटसारखी आंतरग्रंथालयीन सेवा. मराठी पुस्तक असेल तर मात्र आधी प्रकाशकाला फोन करा. मराठीत आवृत्ती साधारण हजार प्रतींची. तिथे शंभर जणांनी टेलिग्रामवरची पीडीएफ घेतली तर पुढची आवृत्तीच निघत नाही. नियतकालिकातल्या लेखकाला तसाही मानधनाचा रुपया मिळत नाही, पण मराठी लेखकाला थोडा का होईना मिळतो. दोन्ही पायरसींना एकच माप लावता येत नाही.

या सगळ्याची एक साधी तक्ता-फाइल ठेवावी: शीर्षक, डीओआय, कुठे कुठे शोधलं, काय मिळालं, कुठली आवृत्ती, तारीख. वर्षभराने तुमच्याकडे पुरावा जमतो, की सूचीतल्या इतक्या लेखांपैकी इतक्यांना आपल्या संस्थेची वर्गणी नव्हती. हा आकडा पद्धतीच्या प्रकरणात छापा. चोरवाटेचं नाव घेण्यापेक्षा वाट का नव्हती हे आकड्यात सांगणं मला जास्त उपयोगाचं वाटतं, कारण ग्रंथालय समितीपुढे तोच कागद ठेवता येतो. शब्द साधारण असे: ‘जे लेख विद्यापीठाच्या वर्गणीत नव्हते ते लेखकांकडून, मुक्त भांडारांतून किंवा अन्य मार्गांनी मिळवून वाचले; सर्व अवतरणं प्रकाशित आवृत्तीशी ताडून पाहिली आहेत.’ ‘अन्य मार्गांनी’ ही पळवाट आहे असं कोणी म्हणेल. आहेच. पण अर्धविरामानंतरचं विधान खरं असेल तर वाचकाची फसवणूक होत नाही. ते खरं नसेल तर सायहबचं नाव ठसठशीत छापूनही फसवणूक टळत नाही.

ग्रंथाच्या सदोष प्रतीसाठी टीप वेगळी: ‘छापील प्रत पाहता आली नाही. पाहिलेल्या स्कॅनमध्ये पृ. १७७ ते १८० आणि शेवटचा नकाशा नाही. आवृत्ती शीर्षकपानामागच्या नोंदीवरून निश्चित केली.’ इथे संकेतस्थळाचं नाव नसलं तरी काही अडत नाही. आणि मूळ ग्रंथ कुठूनच मिळाला नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात त्याचा उतारा पाहिला, तर ‘उद्धृत’ म्हणून त्या दुसऱ्याचंच नाव द्यायचं. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

एका ठिकाणी मात्र नाव न घेणं हीच लबाडी ठरते: सावलीतलं ग्रंथालय, म्हणजे चोरट्या प्रतींचं भांडार, हीच जेव्हा तुमची विदा असते. सायहबच्या डाउनलोड-नोंदींवर अभ्यास झाले आहेत. त्यांतल्या एकात सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या सहा महिन्यांतल्या २.८ कोटी मागण्या तपासल्या होत्या. दुसऱ्या एका अभ्यासात, मार्च २०१७पर्यंत विद्वत्-लेखांपैकी सुमारे ६९ टक्के तिथे असल्याचं मोजलं गेलं. भाषा-प्रतिमानांसाठी (एआयच्या लँग्वेज मॉडेलांसाठी) वापरलेला ‘बुक्स-३’ हा संच पायरेटेड पुस्तकांचाच. अशा संचावर काम करून ‘इंग्रजी पुस्तकांचा एक मोठा संग्रह’ एवढंच लिहिणाऱ्याचं काम कोणालाच तपासता येत नाही. तिथे संचाचं नाव, तो कधी घेतला, किती नोंदी, काय गाळलं, सगळं द्यावं लागतं. मूळ फाइली पुन्हा वाटायच्या नाहीत. यादी आणि मोजलेले आकडे द्यायचे.

प्रबंध जमा करण्याच्या आदल्या दिवशी सूचीची साफसफाई करा. वर्ड फाइलमध्ये सायहब, लिबजेन, झेड-लायब्ररी, ॲनाज आर्काइव्ह यांच्या रोमन नावांनी शोध घ्या. डॉक्युमेन डॉट पब आणि पीडीएफड्राइव्हही शोधा. गूगलवर ही नावं वरच दिसतात आणि लोक त्यांना प्रकाशक समजतात. ‘प्रॉक्सी’ हा शब्दही शोधा, नाहीतर ग्रंथालयाच्या लॉगिनचा पत्ता सूचीत राहतो आणि बाहेरच्या वाचकाला तो उघडत नाही. झोटेरोमध्ये नोंदीतला पत्त्याचा रकाना रिकामा करून डीओआयचा भरा, मग सूची पुन्हा काढा. वर्डमध्ये हाताने खोडलं तर सूची पुढच्या वेळी ताजी होताना पत्ता परत येतो. परिशिष्टात कोणाच्या लेखाची पानं जोडली असतील तर कडेची बारीक अक्षरं वाचा. ‘अमक्या संस्थेतून, अमक्या तारखेला उतरवलं’ असा शिक्का तिथे पुष्कळदा असतो, आणि ती संस्था तुमची नसते. ते खातं कोणाचं होतं, ते कसं मिळालं, हे तुम्हाला माहीत नाही. त्याचं नाव तुमच्या प्रबंधात येण्याचं काही कारण नाही. ती पानं काढून त्याजागी नुसता संदर्भ ठेवा. प्रबंध शोधगंगेवर चढल्यावर हे लक्षात आलं, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधगंगेचं काम बघणाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो, त्यावर मार्गदर्शकाची सही लागते, आणि फाइल बदलून येईपर्यंत ती कोणी कोणी उतरवली असेल याला हिशेब नसतो.